नोत्र दाम द फ्रान्स: लेस्टर स्क्वेअरजवळचं फ्रेंच चर्च

लंडनला येणारे आपले वसईकर रविवारच्या मिस्सासाठी (चर्चमधल्या सामूहिक उपासनेसाठी) बहुतेक वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल गाठतात. तिथे जरूर जा. पण एखादा रविवार या फ्रेंच चर्चसाठी ठेवा, फ्रेंच येत नसलं तरीही.

लेस्टर स्क्वेअर ट्यूब स्टेशनवरून चालत पाचेक मिनिटं. लेस्टर प्लेस नावाच्या छोट्या गल्लीत प्रिन्स चार्ल्स सिनेमा आहे, त्याला लागूनच. दारावर हात पसरून झगा उघडलेली पवित्र मरिया कोरलेली आहे, तीच खूण. आत शिरल्यावर कळतं की चर्च गोल आहे. १७९३ साली इथे रॉबर्ट बार्करने पॅनोरमा दाखवण्यासाठी गोल इमारत बांधली. प्रेक्षक मधोमध उभे राहायचे आणि चित्र चहूबाजूंनी असायचं. पुढे १८६५ मध्ये मारिस्ट या कॅथलिक संघाच्या फादरांनी ती लंडनमधल्या गरीब फ्रेंच लोकांसाठी घेतली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात चर्चची वाताहत झाली आणि १९५० च्या दशकात ते पुन्हा उभं राहिलं, पण गोलाकार कायम ठेवून. या आकाराचा मिस्सात फार उपयोग होतो. वेदी कुठूनही जवळ वाटते आणि समोरच्या माणसांचे चेहरे दिसतात.

मला इथे आणलं माझ्या वॉर्डातल्या मॉरिशसच्या मैत्रिणीने. त्याआधी मी घराजवळच्या एका मोठ्या चर्चमध्ये जात होते. तिथे वर्ष उलटलं तरी कुणी नाव विचारलं नव्हतं. इथे पहिल्याच रविवारी शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या बाईंनी गाण्यांचं पान काढून माझ्या हातात दिलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवत राहिल्या. फ्रान्सहून नोकरीला आलेली तरुण मंडळी, काँगो आणि कॅमेरूनची कुटुंबं, मॉरिशसवाले, सगळे एकाच बाकावर. मैत्रिणीच्या गावी मराठी शेजारी आहेत. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे मला तिनेच मिस्सानंतर सांगितलं. मी वसईच्या गासची आहे म्हटल्यावर तिने विचारलं, मग तुम्ही प्रार्थना कोणत्या भाषेत करता? मराठीत, म्हणाले. तिला फार आनंद झाला.

माझी आजी लॅटिन मिस्सा ऐकत मोठी झाली. शब्द कळत नसत, पण तिची श्रद्धा कधी कमी पडली नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) आपल्या चर्चमध्ये मराठी आली, तेव्हा आपली भाषा वेदीवर ऐकून ती रडली होती, असं आई सांगते. इथल्या आफ्रिकन बायका फ्रेंच भजनं मान डोलावत गाताना पाहिल्या की मला तिची आठवण येते.

फ्रेंच न येणाऱ्यांना सांगायचं तर अजिबात घाबरू नका. मिस्साचा क्रम तोच आहे: क्षमायाचना, वाचनं, शुभवर्तमान, अर्पण, कम्युनियन. रविवारची वाचनंही जगभर सहसा तीच असतात, म्हणून मी आदल्या रात्री मराठीत वाचून जाते. प्रवचन मात्र पूर्ण कळत नाही. तेवढा वेळ मी वेदीमागच्या भिंतीकडे पाहत बसते. तिथे दों रोबेर या बेनेडिक्टाइन संन्याशाने रेखाटलेला फ्रान्समधल्या ओबुसाँचा विणलेला पडदा आहे, त्यात बागेतली मरिया आणि भोवती प्राणी.

डाव्या हाताच्या छोट्या चॅपेलमध्ये फ्रेंच कवी आणि चित्रकार झाँ कॉक्तोची भित्तिचित्रं आहेत, १९५९ च्या नोव्हेंबरात त्यांनी काढलेली. मरियेला दूताचा संदेश, येशूचा क्रूसावरचा मृत्यू आणि मरियेचं स्वर्गारोहण. मधल्या चित्रात येशूचे फक्त पाय दिसतात, वर काळा सूर्य आणि क्रूसाच्या पायथ्याशी मोठा गुलाब. क्रूसाकडे पाठ फिरवलेला एक चेहरा कॉक्तोंचा स्वतःचा आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबते. चॅपेलच्या वेदीवर बोरिस आन्रेप या रशियन कलाकाराचं मोझॅइक आहे. कॉक्तोंनी ते आपल्या फलकाने झाकलं होतं, २००३ मध्ये ते पुन्हा सापडलं. चित्रं पाहायला येणारे पर्यटक बरेच असतात, पण मिस्सा चालू असताना चॅपेलमध्ये फिरू नका, संपल्यावर निवांत पाहा.

या चर्चमुळे सुरू झालेलं निर्वासितांचं केंद्रही इथेच आहे, १९९६ पासून. आश्रय मागायला आलेल्यांना कायद्याचा सल्ला आणि गरम जेवण मिळतं. तुम्हाला काही द्यायचं असेल तर यासाठी द्या. मी देते.

मिस्साच्या वेळा निघण्याआधी तपासा. फ्रेंच मिस्सालाच जा आणि दहा मिनिटं आधी पोहोचा, म्हणजे गाण्यांचं पान मिळतं आणि मधल्या बाजूला जागाही.