जुना संगणक आणि मराठी टायपिंग: उबुंटू टाकावं की मिंट एक्सएफसीई?

विंडोज १० ला मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. त्यानंतर आपल्या विदर्भातल्या खेड्यांत एक प्रश्न वारंवार येतो. अभ्यासिकेतला, झेरॉक्सच्या दुकानातला, कृषी केंद्रातला संगणक धडधाकट चालतो, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायची तर तिची कोणती आवृत्ती?

नावं शेकडो आहेत. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोनच बघावीत असं मला वाटतं: उबुंटू २४.०४ आणि लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ च्याच पायावर उभं आहे आणि दोघांनाही २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. ब्राउझर, लिबरऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर दोन्हीकडे जवळपास सारखेच. म्हणून आयकॉन कोणते छान दिसतात यावरून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी फोन येतो तो "मराठी येऊन नाही राह्यलं" किंवा "अक्षरं ताणल्यावानी दिसून राह्यले" असाच. स्क्रीन आणि कीबोर्ड कुठे सहज ताळ्यावर येतात, तेवढंच मी इथे बघतोय.

स्क्रीन: सगळ्यात मोठा फरक इथे आहे

गावाकडचे बहुतेक डेस्कटॉप अजून निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर आहेत. मॉनिटर त्याच केबलमधून स्वतःची मापं संगणकाला कळवतो. ही माहिती १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. पिन वाकली असेल, किंवा स्वस्त केबलमध्ये ती तारच जोडलेली नसेल, तर संगणकाला मॉनिटर ओळखू येत नाही. मग तो सावधपणे १०२४ × ७६८ वर थांबतो. मॉनिटर असतो १३६६ × ७६८ चा, म्हणजे चित्र आडवं ताणलं जातं. इंग्रजी अशा वेळीही वाचता येतं, पण देवनागरीत उकार, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. "शेतकऱ्यांना"मधला ऱ्य नीट लागला की नाही हेच दिसत नाही.

दोन्हींपैकी काहीही टाकलेलं असो, पहिला उपाय केबल बदलण्याचा. दुसऱ्याची चांगली केबल लावून बघा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. भारनियमनाच्या गावांत आणखी एक गोष्ट दिसते: इन्व्हर्टरवर फक्त सीपीयू असतो आणि मॉनिटर साध्या लाइनवर. संगणक मॉनिटरविना सुरू झाला तर काही मॉनिटर नंतर ओळखले जात नाहीत. दोन्ही एकाच बोर्डवर घ्या, आधी मॉनिटर सुरू करा.

केबल बदलूनही माप मिळालं नाही, तर दोघांत खरा फरक पडतो. स्क्रीनवर चित्र मांडणाऱ्या यंत्रणा दोन आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. मिंट एक्सएफसीई एक्स११ वर चालतं. तिथे एक्सरँडर या साधनाने आपल्याला हवं ते माप हाताने जोडता येतं. फक्त त्या मापाची आकडेमोड करून देणाऱ्या सीव्हीटी या आज्ञेला १३६६ मागितलं की ती १३६८ चं माप देते, कारण रुंदी आठने भागली जावी लागते. दोन ठिपक्यांचा फरक डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे घाबरू नका. उबुंटू मात्र साधारणपणे वेलँडवर सुरू होतं आणि तिथे एक्सरँडरने माप जोडता येत नाही. त्यातून वाट अशी की लॉगिन करताना कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करून "उबुंटू ऑन झॉर्ग" निवडायचं (झॉर्ग म्हणजे तेच एक्स११), मग सगळं मिंटसारखंच चालतं. ही सोय २४.०४ मध्ये आहे, २५.१० पासून काढून टाकली आहे. जुना मॉनिटर आणखी चार वर्षं वापरायचा असेल तर हा मुद्दा माझ्या लेखी निर्णायक आहे.

अक्षरं बारीक वाटतात ही पुढची तक्रार. लगेच १२५ टक्के स्केलिंगकडे, म्हणजे सगळंच मोठं दाखवण्याकडे, हात जातो, पण ७६८ ओळींच्या स्क्रीनवर तसं करू नका. खिडक्या इतक्या उंच होतात की खालचं "ओके" बटण स्क्रीनबाहेर जातं. मिंट एक्सएफसीईत "अपिअरन्स"मधल्या "फाँट्स" टॅबवर डीपीआयचा, म्हणजे अक्षरांचं माप ठरवणारा, आकडा आहे. तो ९६ वरून १०८ किंवा ११० करा, फक्त अक्षरं वाढतात. उबुंटूत सुलभतेच्या सेटिंगमध्ये "लार्ज टेक्स्ट" आहे, ते अक्षरं सव्वापट करतं. एवढी एकच पायरी आहे, मधलं माप हवं असेल तर ट्वीक्स नावाचं वेगळं ॲप घ्यावं लागतं. खिडकी तरीही खाली गेलीच तर मिंटमध्ये ऑल्ट कळ आणि उबुंटूत विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून माउसने ती वर ओढता येते. हे वाचणाऱ्याने आजच पाठ करून ठेवावं, इतकं कामाचं आहे.

उबुंटू जिथे सरस आहे ते सांगितलंच पाहिजे. नव्या लॅपटॉपला जिल्हा परिषद शाळेतला प्रोजेक्टर जोडायचा असेल, दोन स्क्रीनना वेगवेगळं स्केलिंग हवं असेल, टचपॅडवर तीन बोटांनी सरकवायचं असेल, तर वेलँडवरचं उबुंटू जास्त गुळगुळीत चालतं. पण त्याला किमान ४ जीबी रॅम लागते, आणि एवढ्यावर ते कसंबसं श्वास घेतं. मिंटची किमान अट २ जीबी आहे, आरामात चालायला ४.

कीबोर्ड: यंत्राआधी माणूस बघा

इथे उबुंटू-मिंटपेक्षा कळफलकासमोर कोण बसणार हा प्रश्न मोठा आहे.

टायपिंग शिकायचंच आहे अशा विद्यार्थ्याला मी निःशंकपणे इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक, देतो. दोन्ही प्रणालींत "मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट" आधीपासून असतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही, म्हणजे रेंज नसलेल्या गावातही तो सुरू होतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के दाबला की क, शिफ्टसह ख. एन वर ल, शिफ्टसह ळ. डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह. ऱ्य साठी शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. पहिले काही दिवस हात अडखळतो, पण पुढे वेग येतो, आणि हाच लेआउट विंडोजवरही मिळत असल्याने शिकलेलं वाया जात नाही. एक लक्षात ठेवा: वरच्या ओळीतून देवनागरी अंक उमटतात. हिशेबाच्या तक्त्यात आकडे टाकताना उजवीकडचा नंबर पॅड वापरा.

मोबाईलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याला इनस्क्रिप्ट नको असतो, आणि त्याच्यावर तो लादू नये. त्याच्यासाठी आयबस (इंग्रजी कळांतून दुसऱ्या लिपीतली अक्षरं उमटवणारी यंत्रणा) आणि त्याचा एम१७एन हा जोड टाकायचा, मग यादीत "मराठी आयट्रान्स" आणि "मराठी फोनेटिक" दिसू लागतात. मात्र मोबाईल अंदाज बांधून शब्द सुचवतो, आयट्रान्स तसं करत नाही, ते नियमाने चालतं. "शेत" लिहिताना शेवटची ए कळ दाबली नाही तर "शेत्" उमटतं. तुम्हाला यादीत "मराठी कागप" हाही फोनेटिक दिसेल. तो मोबाईलसारखा नाही, त्यात हलन्ताची कळ वेगळी दाबावी लागते. मोबाईलच्या सवयीने आलेला माणूस तिथे हमखास गोंधळतो.

आयबसच्या बाबतीत उबुंटू स्पष्टपणे पुढे आहे. ते तिथे मुळातच जोडलेलं असतं. एम१७एन टाकलं, एकदा लॉगआउट होऊन परत आलं, सेटिंगमध्ये कीबोर्डखाली मराठी जोडलं की झालं. विंडोज-चिन्ह आणि स्पेस दाबून भाषा बदलते. मिंट एक्सएफसीईत "इनपुट मेथड" नावाच्या साधनात जाऊन आयबस निवडावं लागतं, मग पुन्हा लॉगिन. त्यात एक अडचण नेहमी येते: एक्सएफसीईचा स्वतःचा कीबोर्ड-लेआउट आणि आयबस दोघंही कीबोर्डवर हक्क सांगतात. कोपऱ्यात दोन चिन्हं दिसतात आणि तुम्ही निवडलेला लेआउट पुढच्या लॉगिनला गायब होतो. आयबसच्या पसंतीत "ॲडव्हान्स्ड"मध्ये "सिस्टीमचा कीबोर्ड लेआउट वापरा" यावर टिक करा. तरी ऐकलं नाही, तर दोघांपैकी एकच ठेवा. इनस्क्रिप्ट पुरेसा असेल तर आयबस बंदच करा. कमी भाग, कमी बिघाड.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरचा कळफलक) शिकून आलेल्या मावशींसाठी एम१७एनच्या यादीत टाइपरायटर पद्धत आहे, पण प्रत्येक कळ तंतोतंत जुळेलच असं धरू नका. त्यांना बसवून अर्धा तास टाइप करू द्या, मगच ठरवा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या जुन्या फाइल उघडल्यावर जी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात त्याचा कीबोर्डशी संबंध नाही. ते युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाही, त्या फाइल रूपांतरित कराव्या लागतात.

कोणताही लेआउट घ्या, यादीत इंग्रजी पहिलं ठेवा. मराठी पहिलं राहिलं तर लॉगिनच्या खिडकीत पासवर्ड देवनागरीत जातो, तो चुकीचा ठरतो, आणि संगणक बिघडला म्हणून तालुक्याला नेला जातो. इंग्रजीतही "रुपया चिन्हासह भारतीय इंग्रजी" घ्या. उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं.

टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून बघा

दोन्ही प्रणाली हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालवता येतात. ज्या मॉनिटरवर, ज्या केबलने काम करायचं तिथेच चालवा. मग हे वाक्य टाइप करा: "कळंबच्या शेतकऱ्याने दर्यापूरहून ॲपवर ₹५०० पाठवले." ळ, ऱ्य, रफाराचा र्य, ॲ आणि ₹ सगळं एका ओळीत तपासलं जातं. उकार स्पष्ट दिसतात का, ऱ्य आणि र्य वेगळे ओळखू येतात का, हे दोन हात अंतरावरून बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. व्हीजीए मॉनिटर, ४ जीबीपर्यंत रॅम आणि इनस्क्रिप्ट शिकायची तयारी असेल तर मिंट एक्सएफसीई. ८ जीबीचा लॅपटॉप आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारी तरुण मंडळी असतील तर उबुंटू. जुना डेस्कटॉप पण लिहिणारा मोबाईलच्या सवयीचा, अशा अधल्यामधल्या घरात मी मिंटच टाकतो आणि आयबस बसवायला एक संध्याकाळ देतो. स्क्रीनचा त्रास रोज होतो, आयबसची जुळणी एकदाच करावी लागते.

सेवा केंद्र चालवत असाल तर थोडं थांबा. बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर लिनक्ससाठी आहेत का, हे विकणाऱ्याला मॉडेल क्रमांकासह विचारा. उत्तर "नाही" असेल तर त्या एका संगणकाला हात लावू नका, बाकीच्यांवर सुरुवात करा.