बुटिकच्या मॉडेलिंगचे आमिष आणि गेलेले 24,840 रुपये

पुण्यातील बुटिकांसाठी मॉडेलिंगची कामे मिळवून देतो, असे सांगून एका तथाकथित एजन्सीने माझ्याकडून 24,840 रुपये उकळले. नोंदणी शुल्क 1,180, पोर्टफोलिओचे, म्हणजे कामासाठी दाखवायच्या छायाचित्रांच्या संचाचे, 14,160 आणि शूटसाठी दिल्या जाणाऱ्या कपड्यांचे परत मिळणारे डिपॉझिट म्हणून 9,500. हे आकडे मी मुद्दाम रुपयापर्यंत लिहीत आहे, कारण पोलिसांकडे माझ्या तक्रारीचा उल्लेख ‘पंचवीसेक हजार’ असा झाला आणि पुढे ‘किरकोळ रक्कम’ असा झाला. यातील 9,500 रुपये माझ्या भिशीचे होते आणि बाकीचे शिकवणीच्या फीमधून साठवलेले होते. माझ्यासाठी ती रक्कम किरकोळ नाही.

पहिली रक्कम लहान, मग थोडी मोठी, मग परत मिळणार म्हणून आणखी एक, ही पद्धत सर्वांना माहीत आहे. मलाही माहीत होती. तरीही मी विश्वास का ठेवला, हे सांगितले पाहिजे. हातमागाच्या साड्या, इरकल, खणाची पोलकी रोजच्या वापरात कशी आणता येतील, यावर मी ब्लॉग लिहिते आणि त्यासाठीची छायाचित्रेही स्वतःच काढते. मला आलेला संदेश सर्वांना पाठवतात तसा नव्हता. आईच्या जुन्या नारायणपेठ साडीचा अनारकली शिवून घेतल्याबद्दल मी लिहिले होते, त्याचा त्यात नेमका उल्लेख होता. ‘लग्नसराईच्या कॅटलॉगसाठी बुटिकवाल्यांना व्यावसायिक मॉडेल नको आहेत, तुमच्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्याच भागातल्या स्त्रिया हव्या आहेत,’ असे एजन्सीच्या समन्वयक बाई म्हणाल्या, आणि ते पटण्यासारखेच होते, कारण लहान बुटिकांना खरोखर अशाच स्त्रिया हव्या असतात. त्यांनी कोथरूडमधील एका बुटिकचे नावही सांगितले. ते बुटिक खरे आहे. मी तेथून पूर्वी ब्लाऊज शिवून घेतले होते.

शूट झाले, हेही लोकांना खरे वाटत नाही. भाड्याचा स्टुडिओ होता, मेकअप करणारी मुलगी होती, छायाचित्रकार होता आणि माझ्यासारख्या आणखी काही जणी होत्या. अंगावर चढवलेल्या कुर्त्यांना त्या बुटिकची चिठ्ठी लावलेली होती. पुढे कळले की ते कुर्ते दुकानातून रोख पैसे देऊन विकत घेतलेले होते. छायाचित्रकाराचेही पैसे बुडाले आहेत. म्हणून शूट प्रत्यक्षात झाले एवढ्यावरून एजन्सी खरी मानू नका.

ज्या क्षणाचा विचार माझ्या मनातून जात नाही, तो पोर्टफोलिओचे पैसे भरतानाचा आहे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचे नाव पडद्यावर येते. तेथे एजन्सीचे नाव नव्हते. कधी न ऐकलेल्या एका पुरुषाचे नाव होते. मी तेथेच थांबून विचारले. ‘कंपनीच्या खात्याची आजची मर्यादा संपली आहे, हे आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, पावती कंपनीचीच मिळेल,’ असे उत्तर क्षणाचाही विलंब न लावता आले, आणि मी पिन टाकला. आज सगळे मला म्हणतात की नाव पाहूनच समजायला हवे होते. परंतु तुळशीबागेत, भाजीवाल्याकडे, कितीतरी लहान दुकानांत क्यूआर कोडवर दुकानाऐवजी मालकाचे किंवा त्याच्या मुलाचे नाव येते आणि आपण पैसे देतोच. मी प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर आधीपासून तयार ठेवलेले होते, हा दोष माझा नाही. मात्र तुमच्यासमोर हाच प्रसंग आला तर उत्तर ऐकू नका, व्यवहार रद्द करा. कंपनीच्या नावाने घेतलेले पैसे कंपनीच्या खात्यातच गेले पाहिजेत.

पावतीवर जीएसटी क्रमांक होता आणि 18 टक्के कर वेगळा दाखवला होता: 1,000 वर 180 आणि 12,000 वर 2,160. कर दाखवलेली पावती पाहिली की मनाला खात्री वाटते, आणि त्यासाठीच तो दाखवलेला असतो. हा 15 अक्षरांचा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता कोणालाही तपासता येतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. त्यामुळे डावीकडून सहावे अक्षर कंपनी असेल तर इंग्रजी ‘सी’ आणि व्यक्ती असेल तर ‘पी’ असते. पावतीच्या डोक्यावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेले होते आणि क्रमांकात ‘पी’ होता. शोधल्यावर तो क्रमांक दुसऱ्याच जिल्ह्यातील एका किराणा व्यापाऱ्याचा आणि रद्द झालेला निघाला. ही माहिती कोणी मला आधी दिली असती तर 9,500 रुपये तरी वाचले असते.

त्यानंतर ‘तुमचे 30,000 रुपये मानधन मंजूर झाले आहे, त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,400 रुपये, आधी भरा’ असा निरोप आला. तेथे मी थांबले. मानधन देण्याआधी ते घेणाऱ्याकडूनच जीएसटी मागितला जात नाही. शिवाय वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर माझ्यासारख्या सेवा देणारीला सामान्यतः जीएसटी नोंदणीच लागत नाही. मी सरळ त्या बुटिकमध्ये गेले. मालकीणबाईंनी मला बसवून पाणी दिले आणि सांगितले, ‘ताई, तुमच्यासारख्या अजूनही येऊन गेल्या. आम्ही मॉडेलकडून पैसे कशाला घेऊ? आमच्याकडे तर माझी भाचीच उभी राहते, बाहेरची कोणी आली तर आम्हीच तिला ड्रेस किंवा पैसे देतो.’ हे वाक्य ऐकायला मी नोंदणीपूर्वी जायला हवे होते, असे आता सगळे सांगतात. समन्वयक बाईंनी मात्र मला बजावले होते की बुटिकशी थेट संपर्क केल्यास करार रद्द होईल. अशी अट कोणी घातली की त्याच दिवशी बुटिकमध्ये जाऊन उभे राहा.

आता तक्रारीविषयी. चौकीत मला सायबरकडे जा म्हणून सांगितले, सायबरमध्ये रक्कम लहान आहे म्हणून पुन्हा चौकीत पाठवले. तेथे ‘तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकवले गेले. ‘मॉडेलिंगचे घरी माहीत आहे का?’ असा प्रश्न मला, दोन मुलांच्या आईला, इतर लोकांसमोर विचारला गेला. फसवणाऱ्यांबद्दल जितके प्रश्न विचारले गेले, त्याहून अधिक माझ्या कपड्यांबद्दल विचारले गेले. खोटे बोलून पैसे काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. त्याला दिवाणी म्हणणे म्हणजे तक्रारदाराला दारातूनच परत पाठवणे होय. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही आणि अनधिकृत व्यवहारांसाठीचे रिझर्व्ह बँकेचे संरक्षण तुम्हाला लागू नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर नोंद झाली, परंतु तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेलेले होते. संशय येताच, त्याच तासात 1930 वर फोन करा. खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. माझ्या अर्जाची पोच मागितली तर ‘नंतर या’ म्हणाले. पोच घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना लेखी अर्ज टपालाने पाठवता येतो आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी स्पीड पोस्टने अर्ज पाठवला आहे.

छायाचित्रांचा प्रश्न तर अजून तसाच आहे. माझा चेहरा आता एका अनोळखी साडीविक्रीच्या जाहिरातीत दिसत आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, करारात वेगळे काही नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. माझ्या करारात मात्र अकराव्या परिच्छेदात बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क एजन्सीकडे’ असे लिहिलेले आहे. सही करण्यापूर्वी छायाचित्रे कोण, कोठे आणि किती काळ वापरणार, हे वाक्य शोधा आणि ते नसेल तर हाताने लिहून घ्या. पूर्ण नाव, पत्ता आणि आधारची प्रत पहिल्याच भेटीत देऊ नका. मी दिली आहे आणि त्या प्रतीचे काय होत असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

ज्यांच्याकडे 1,180 आणि 14,160 या आकड्यांच्या पावत्या आहेत, त्यांनी आपापल्या नावाने स्वतंत्र तक्रार नोंदवावी आणि अर्जात पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी व प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक अवश्य लिहावा. एकटीच्या तक्रारीवर काही होत नाही, असे मला चौकीत तोंडावर सांगितले गेले आहे. त्या शूटला माझ्याबरोबर असलेल्यांपैकी दोघींनी अर्ज दिले आहेत. बाकीच्या घरच्यांच्या भीतीने गप्प आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणीही हे वाचत असेल तर पोलीस ठाण्यात मी स्वतः सोबत यायला तयार आहे.