ड्रायरचा डक्ट बदलून घेतला, काम एक नंबर

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला जुनं घर घेतलं, त्यात कपडे वाळवायच्या ड्रायरच्या मागे डक्ट, म्हणजे गरम हवा घराबाहेर नेणारा पाइप, पांढऱ्या लवचिक प्लॅस्टिकचा होता, तो बदलायला इथल्याच एका लोकल माणसाला बोलावलं. आल्या आल्या म्हणाला हा आधी काढू, कारण वळ्यांमध्ये कपड्यांचा भुसा अडकतो आणि तो लगेच पेट घेतो, वर प्लॅस्टिकही जळतं. काढल्यावर आत करड्या रंगाचा गच्च बोळा निघाला, बघूनच भीती वाटली!

त्याने ४ इंची कडक धातूचा पाइप टाकला, आतून गुळगुळीत, आणि प्रत्येक जोड हवेच्या दिशेने, म्हणजे आधीच्या पाइपचं तोंड पुढच्याच्या आत. आत टोक येईल असे लांब स्क्रू नाही वापरले, त्याला भुसा अडकतो म्हणे, वरून फॉइल टेप. साधी कापडी डक्ट टेप इथे चालत नाही, ती उष्णतेने सुटते. लांबी साधारण ३५ फुटांपर्यंतच आणि प्रत्येक काटकोनी वळणाला ५ फूट वजा, म्हणून त्याने रस्ताच बदलून एक वळण कमी केलं, हे मला फार आवडलं. बाहेरच्या तोंडाला झडप लावली, जाळी नाही, जाळीत भुसा तुंबतो.

पैसे जरा जास्त घेतो आणि तारीख लवकर देत नाही. पण तुमचा ड्रायर गॅसवरचा असेल तर प्लीज टाळाटाळ करू नका, डक्ट तुंबला किंवा सुटला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि त्याला वासही नसतो.