‘एंट्री गेली नाही मॅडम, परत पाठवा’ : फोर्ट कोचीच्या बुकिंगमध्ये आम्ही कसे फसलो

नाशिकरोडच्या शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवते. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, हे वाक्य किती वर्गांपुढे म्हटलं असेल त्याला गणती नाही. पुढे तिसऱ्या खेपेला आला तेव्हा २४ डिसेंबर १५२४ ला तो कोचीत वारला आणि तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं, एवढं मी मुलांना आवर्जून सांगते. त्याच्याविषयी आदर वाटतो म्हणून नाही. १५०२ मध्ये त्याने यात्रेकरूंनी भरलेलं जहाज माणसांसकट जाळलं, तेही मी सांगते. पण २०२४ च्या २४ डिसेंबरला त्या मृत्यूला बरोबर पाचशे वर्षं होणार होती, आणि त्या दिवशी त्याच्या थडग्याच्या दगडापाशी उभं राहायचं असं मी मनाशी धरलं होतं. हे त्याच वर्षी प्रेसमधून, म्हणजे इथल्या सरकारी छापखान्यातून, निवृत्त झाले होते. सासूबाईंना समुद्र बघायचा होता. दीर आणि जाऊबाईही यायला तयार झाले. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि गाडी न बदलता थेट एर्नाकुलमला सोडते, त्यामुळे तिकिटं ऑगस्टअखेरीसच काढून ठेवली. राहायचं मात्र डिसेंबर उजाडेपर्यंत राहून गेलं. तिथेच घोळ झाला.

डिसेंबरअखेरीस फोर्ट कोचीत कार्निवल असतो. ३१ तारखेच्या रात्री पापांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, मोठा पुतळा जाळतात आणि ते बघायला कुठून कुठून माणसं येतात. चार डिसेंबरला मी शोधायला बसले तर सगळीकडे ‘खोली उपलब्ध नाही’. आमच्या शाळेतल्या एका मॅडम दोन वर्षांपूर्वी एका होमस्टेत राहून आल्या होत्या. चर्चपासून जवळ, जुनं लाकडी छताचं घर, मालकीणबाई स्वतः स्वयंपाक करतात असं त्यांनी सांगितलं होतं. मी ते नाव मोबाइलवर टाकलं. सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. फोटो तेच, लाल फरशीचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. खाली नंबर होता. मी फोन लावला.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. हिंदी स्वच्छ. ‘मॅडम, दो ही रूम बचे हैं, सीनियर सिटिझन हैं तो ग्राउंड फ्लोअर दे दूँगा.’ सासूबाईंच्या गुडघ्याचं मी काही बोलायच्या आधीच त्याने तळमजला देऊ केला, आणि मी तिथेच विरघळले. भाडं एका खोलीचं रात्रीला ४,५००, तीन रात्री, दोन खोल्या, म्हणजे २७,०००. निम्मे आगाऊ. मी सहज विचारलं, एर्नाकुलम जंक्शनवरून कसं यायचं? म्हणाला, ‘स्टेशन से पैदल दस मिनिट.’

हे उत्तर कानावर पडूनही मला थांबता आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. एर्नाकुलम स्टेशन आणि फोर्ट कोची यांच्या मधे अख्खं बंदर आहे! १३४१ च्या महापुराने पेरियार नदीचं वळण बदललं, जुनं मुझिरिस बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं मुख उघडलं, हे मी फळ्यावर नकाशा काढून शिकवते. त्याच खाडीतला गाळ उपसून रॉबर्ट ब्रिस्टोने १९२० आणि ३० च्या दशकांत विलिंग्डन बेट उभं केलं. स्टेशनवरून फोर्ट कोचीला जायचं तर एकतर ते बेट पुलांवरून ओलांडून दहा-बारा किलोमीटरचा वळसा घ्यायचा, नाहीतर धक्क्यावरून बोट धरायची. पायी दहा मिनिटांत तिथे कुणीच पोचत नाही. त्या गावात राहणारा माणूस अशी चूक करणं शक्य नाही. म्हणून सांगते, परगावी खोली घेताना फोनवर एक तरी असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर नकाशावर तुम्हाला आधीच दिसतंय. जवळचा धक्का कोणता, समोर काय आहे, गाडी दारापर्यंत येते का. आणि उत्तर चुकलं तर फोन ठेवून द्या.

मी १३,५०० पाठवायला घेतले. पिन टाकायच्या आधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, तिथे होमस्टेचं नाव नव्हतं, कुणा बाईचं होतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘हमारी अकाउंटंट का है.’ मी पिन टाकला. पाच मिनिटांत त्याचा फोन: ‘मॅडम, आपने रिमार्क में बुकिंग आयडी नहीं डाला, सिस्टम में एंट्री नहीं गई. आयडी डालके सेम अमाउंट फिर से भेजिए, पहलेवाला चौबीस घंटे में ऑटोमॅटिक रिटर्न होगा.’ वर एक चिठ्ठी पाठवली, त्यात लाल अक्षरात ‘अनमॅच्ड’ लिहिलेलं. पैसे अधांतरी अडकले असं वाटून माझा जीव खालीवर झाला आणि अडकलेले सोडवायला म्हणून मी आणखी १३,५०० पाठवले.

असं कुठलंही सिस्टम नसतं. यूपीआयने गेलेले पैसे रिमार्क लिहिला नाही म्हणून अडकत नाहीत. ते समोरच्याच्या खात्यात पोचतात आणि तुमच्याकडे ‘यशस्वी’ लिहून येतं, बस. एकदा दिलेली रक्कम कुठल्याही कारणाने पुन्हा मागितली, तर तिथे थांबा.

रात्री आठला तिसरा फोन आला. आता जीएसटीच्या पडताळणीसाठी २७,००० भरा, चेक-इनला परत मिळतील. या वेळी फोन यांनी घेतला. प्रेसमध्ये सगळी नोकरी एकेका कागदाचा हिशेब ठेवण्यात गेलेली, त्यांना ते पटेना. ‘आता एक रुपया मिळणार नाही, जमत नसेल तर बुकिंग रद्द करा,’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि तो माणूस जराही चिडला नाही. म्हणाला, ‘कोई बात नहीं सर. आपका डबल पेमेंट आ गया है, तो पूरा टॅरिफ ॲडजस्ट कर देता हूँ. अब यहाँ आके कुछ नहीं देना.’ मग हिरव्या किनारीची पावती आली. आमची पाचांची नावं, तारखा, ‘फुल्ली पेड’. खाली मालकीणबाईंच्या घराचा फोटो.

त्याने हट्ट धरला असता, धमकावलं असतं, फोन बंद केला असता, तर आम्हाला त्याच रात्री कळलं असतं. त्याने माघार घेतली म्हणून आमचा पुरा विश्वास बसला. हे मला सगळ्यात ठळकपणे सांगायचंय, कारण फसवणारा माणूस उद्धट असतो, घाई करतो, असंच आपण धरून चालतो. हा घाई न करता बोलला. आणि त्यामुळे पुढचे वीस दिवस आम्ही गप्प बसलो. ज्या काही तासांत ते पैसे अडवता आले असते, ते तास आम्ही बॅगा भरण्याच्या आनंदात घालवले.

चोवीस तारखेला सकाळी एर्नाकुलमला उतरलो. हायकोर्टच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रो घेतली, माणशी ४० रुपये. सासूबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. उजवीकडे जहाजांना खेचणाऱ्या टग बोटी, डावीकडे क्रेन, पुढे मासे धरायची चिनी जाळी. त्यांनी माझा हात दाबला. तो क्षण मात्र चांगला होता.

घर फोटोतलंच निघालं. व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, सगळं तेच. बेल वाजवली तर साठीच्या मालकीणबाई बाहेर आल्या. यांनी मोबाइल पुढे करून पावती दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पावती वाचली आणि काही न बोलता आत गेल्या. येताना जाड रजिस्टर घेऊन आल्या. चोवीस तारखेच्या पानावर बोट ठेवून एकेक नाव आम्हाला दाखवलं. आमचं नाव नव्हतं. मग इंग्रजीत म्हणाल्या की या महिन्यात अशी पावती घेऊन दारात आलेले तुम्ही तिसरे. त्यांच्या खऱ्या साइटच्या नावात एक अक्षर एकदाच होतं, मी उघडलेल्या साइटवर ते दोनदा. आणि माझ्या मोबाइलवर त्या निकालाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं, म्हणजे कुणीतरी पैसे भरून ती जाहिरात वर आणली होती. सगळ्यात वर दिसतं ते खरं असेलच असं नाही, हे मी आता घरातल्या प्रत्येकाला सांगते.

सासूबाई फाटकाशी सुटकेसवर बसून होत्या, वर मोठं पर्जन्यवृक्षाचं झाड. ‘खोली मिळाली का गं?’ असं त्यांनी दोनदा विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. त्या मालकीणबाईंनी आम्हाला आत बसवलं, सगळ्यांना कट्टन चाय दिला, म्हणजे बिनदुधाचा गोड चहा, आणि स्वतःच्या फोनवरून आठ-दहा ठिकाणी विचारलं. शेवटी तोप्पुंपडीकडे एका घरात दोन खोल्या मिळाल्या, रात्रीला प्रत्येकी ६,०००, पायऱ्या चढून वर. ज्यांच्या नावावर आम्हाला लुबाडलं गेलं त्या बाईंनीच आम्हाला निभावून नेलं. अशा वेळी खऱ्या मालकावर राग काढू नका, तोही त्याच फसवणुकीत भरडला जातोय.

दुपारी चर्चमध्ये गेले. १५०३ मध्ये पोर्तुगिजांनी पहिल्यांदा लाकडात बांधलेलं हे स्थान. आत छताला कापडी पंखे टांगलेत, पूर्वी ते बाहेरून दोरीने ओढत. जमिनीत तो दगड, भोवती कठडा. गामाचे अवशेष १५३९ मध्येच पोर्तुगालला नेले, दगड तेवढा राहिला. ज्या दिवसासाठी मी इतकी वर्षं थांबले त्या दिवशी, त्या दगडापुढे उभी राहून मी मोबाइलवर बँकेचं स्टेटमेंट खालीवर करत होते. २७,००० भरून काढता येतील. तो दिवस मला पुन्हा मिळणार नाही.

तिथूनच १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, देशात कुठूनही लागते. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारला, दोन्ही व्यवहारांचा वेगवेगळा. तो यूपीआयच्या तपशिलात असतो, आधीच शोधून ठेवा म्हणजे फोनवर धांदल होत नाही. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली. परत आल्यावर नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा त्या साइटचा पत्ता, नंबर, पावती, कॉलची यादी, बँकेचा उतारा, सगळं मागितलं. मी रागाच्या भरात त्याच्याबरोबरचे काही मेसेज पुसले होते, ते नको होतं करायला. पैसे आले त्याच संध्याकाळी पुढच्या खात्यांत फिरवून काढून घेतलेले निघाले. वीस दिवसांनी गोठवायला खात्यात काही उरलं नव्हतं.

फोर्ट कोचीत आणखीही बारीकसारीक गोष्टी आहेत. रिक्षावाला शंभर रुपयांत सगळं गाव दाखवतो म्हणतो आणि दर दोन ठिकाणांमागे मसाल्याच्या दुकानात नेतो, कारण त्याला तिथे कमिशन असतं. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी आणि ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी बंद असतं, हे माहीत नसलं की ‘आज बंद आहे, दुसरीकडे नेतो’ यातलं खरंखोटं कळत नाही. पण त्यात पन्नास-शंभराचा प्रश्न असतो.

हे आता लिहायला बसले ते पंचवटीमुळे. माझ्या मावसबहिणीचं घर रामकुंडाजवळ आहे, यात्रेकरूंना ती चार खोल्या देते. २०२७ च्या सिंहस्थासाठी आत्तापासून तिला फोन येतात. परवा मी तिच्याकडे बसले असताना दारात एक मध्यमवयीन जोडपं आलं, सोबत म्हातारे वडील. हातात मोबाइल, मोबाइलवर पावती, पावतीवर तिच्या घराचा फोटो. बहीण म्हणाली, ‘अहो, मी तर आजच्या कुठल्या बुकिंगचे पैसेच घेतले नाहीत.’ त्या गृहस्थांचा चेहरा कसा झाला ते मला कुणी सांगायला नको होतं. मी विचारलं, पैसे कधी पाठवले? म्हणाले, सकाळी नऊला आठ हजार, आणि एंट्री गेली नाही म्हणून दहाला पुन्हा आठ. घड्याळात पावणेबारा झाले होते. ते आधी त्या माणसालाच फोन करून जाब विचारायला निघाले होते. मी त्यांचा हात धरून थांबवलं, वडिलांना आत खाटेवर बसवलं, १९३० लावून दिला, आणि त्यांच्या मोबाइलमधून यूटीआरचे आकडे एकेक करून मोठ्याने वाचायला लागले.