कॅनडात 'आपला बडोद्याचा' माणूस भेटला आणि दोन महिन्यांचं भाडं गेलं

पावणेदोन वर्षं लिहू की नको करत होते. आत्ता मुलीच्या शाळेला सुट्टी म्हणून बडोद्याला आलेय, बाबांना म्हणजे सासऱ्यांना विचारलं लिहू का, ते म्हणाले लिही, माझंही लिही. म्हणून लिहितेय.

ऑक्टोबर 2023 मध्ये आम्ही तिघं पीआर (कायम राहायचा परवाना) घेऊन ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला उतरलो. ओळखीच्यांच्या ओळखीत एक खोली मिळाली होती, किचन कॉमन. पोळ्या करायला घेतल्या की धुराचा अलार्म कोकलायचा, मग एका हाताने पोळी उलटायची आणि मुलगी खुर्चीवर उभी राहून टॉवेलने वारा घालणार. पहिले चार दिवस हसलो, नंतर हसू येईना, घरमालकीण जिन्यावरून बघायची.

शाळेत गेलो तर म्हणाले पत्त्याचा पुरावा आणा. घर बघायला गेलो तर नोकरीचं पत्र आणा, क्रेडिट रिपोर्ट आणा. नवीन माणसाचा क्रेडिट रिपोर्ट असणार कुठून, बडोद्यातल्या बँकेतलं आमचं इतक्या वर्षांचं खातं तिकडे कोणी विचारत नाही. आणि नोकरीवाले म्हणायचे कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का. पोर घरी बसून खिडकीतून पिवळ्या स्कूलबस मोजायची.

अशात ऑनलाइन एक जाहिरात दिसली, दोन बेडरूमचं बेसमेंट, 1700 डॉलर. आजूबाजूला 2000 च्या खाली काही दिसत नव्हतं. फोटोत स्वच्छ किचन, ओट्यावर पिवळी केटली. मेसेज केला, पाच मिनिटांत फोन आला आणि आमचं आडनाव ऐकून पलीकडून चक्क मराठी. "वहिनी, मी पण बडोद्याचाच हो, दांडिया बाजार."

आता काय सांगू, तीन आठवड्यांत घराबाहेर मराठी ऐकली नव्हती. मी लगेच, अय्या लकडीपुलाजवळ का? तो म्हणाला हो हो, तिथेच. नवरा म्हणाला म्हणजे सुरसागरचे गणपती विसर्जन बघत मोठे झालात, तो म्हणाला अहो दर वर्षी. कीर्तिस्तंभाजवळची शेवउसळ निघाली, कमाटीबागेतली छोटी ट्रेन निघाली, अर्धा तास गप्पा. नंतर शांतपणे आठवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, त्याने फक्त "दांडिया बाजार" एवढंच म्हटलं होतं, बाकी सगळं आम्हीच भरलं. नवऱ्याने शाळा कुठली विचारलं होतं, त्यावर तो म्हणाला लहानपणीच बाहेर पडलो हो. मग विसर्जन दर वर्षी कसं बघितलं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तो म्हणे कॅलगरीला असतो, घरात आत्ताचे भाडेकरू नाइट शिफ्टवाले, दिवसा झोपतात, आतून दाखवता येणार नाही, बाहेरून बघून या. आम्ही बस बदलून गेलो, घर होतं, मॅपलचं झाड होतं, ड्राइव्हवेत गाडी होती. घर खरं म्हणजे माणूस खरा असं वाटलं. क्रेडिट रिपोर्ट नको म्हणाला, "आपल्या माणसाला काय विचारायचं." फक्त पासपोर्ट आणि सिन नंबर, म्हणजे तिकडे नोकरीला आणि कराला लागणारा सरकारी नंबर, यांचे फोटो मागितले, ते आम्ही पाठवले. हे लिहितानाही लाज वाटते.

पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधी, हे ऑन्टॅरिओत चालतं, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. 1700 ई-ट्रान्सफरने पाठवले. दुसऱ्या 1700 साठी म्हणाला, "डॉलर कशाला मोडता, बडोद्यात रुपये द्या, माझा माणूस येऊन घेऊन जाईल, 60 च्या भावाने धरतो." तेव्हा कॅनेडियन डॉलर 61 च्या आसपास होता. सतराशे रुपयांचा फायदा! इकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा, आम्ही बाबांना झोपेतून उठवलं.

बाबा बँकेत कॅशियर होते, आयुष्य काउंटरमागे गेलं. त्याच दुपारी न्यायमंदिरापाशी स्कूटरवर हेल्मेट घातलेला एक मुलगा आला. बाबांनी पाचशेच्या दोनशे चार नोटा त्याच्यासमोर दोनदा मोजल्या आणि पावती मागितली. त्याने दहाची नोट हातात ठेवली, "काका, आ ज रसीद छे." नोटेचा नंबर आम्हाला आधीच व्हॉट्सअॅपवर आला होता, तो जुळला. बाबांनी मला फोन करून सांगितलं, नंबर बरोबर आहे. जन्मभर नोटांचे नंबर बघितलेला माणूस, नंबर जुळला म्हणून निर्धास्त झाला.

1 नोव्हेंबरला सहा बॅगा टॅक्सीत घालून गेलो. सकाळपासून त्याचा फोन बंद होता, नवरा म्हणाला विमानात असेल. दार एका पंजाबी आजींनी उघडलं. "बेसमेंट? बेटा, बेसमेंट में तो फर्नेस है और मेरे अचार के मर्तबान." त्यांनी खाली नेऊन दाखवलं सुद्धा. कैरीच्या लोणच्याच्या बरण्या ओळीने. मुलीने विचारलं, माझी खोली कुठली?

आजींनी चहा दिला, त्यांच्या मुलाने पोलिसांत ऑनलाइन तक्रार भरायला मदत केली, कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरलाही कळवलं. बँक म्हणाली पैसे समोरच्या खात्यात जमा झालेत, आता ट्रान्सफर रद्द होत नाही. क्रेडिट ब्युरोत फ्रॉड अलर्ट लावला, त्यातून अजून तरी काही वाईट निघालेलं नाही. बडोद्यातल्या पैशांचं मात्र काय करणार? ओळखीच्या वकिलांनी बाबांना सांगितलं की बँकेला बाजूला ठेवून डॉलरच्या बदल्यात रोख रुपये देणं हेच फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, बसत नाही, तक्रार द्यायला गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. बाबा गेले नाहीत. मला आता वाटतं, रुपयांची आयडिया त्याने भावासाठी काढलीच नव्हती, आपण तोंड उघडू नये म्हणूनच काढली होती.

नंतर कळलेल्या गोष्टी, ज्या आधी माहीत असत्या तर... असो. ऑन्टॅरिओत 2018 पासून भाडेकराराचा सरकारी ठरावीक फॉर्म आहे, तो न भरता एक डॉलरही द्यायचा नाही. सिन नंबर घरमालकाला द्यावा लागत नाही. घर कोणाच्या नावावर आहे हे थोडी फी भरून ऑनलाइन बघता येतं. आणि आतून बघितल्याशिवाय घर घ्यायचं नाही, भाडेकरू झोपलेले असोत की जागे. दुसरी जागा मिळाली ती एका केरळी बाईंची, त्यांनी छप्पन्न प्रश्न विचारले, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघितलं, तेव्हा राग आला होता.

बाबांनी ती दहाची नोट पासबुकात ठेवलीय. आई म्हणतात खर्चून टाका एकदाची, ते म्हणतात पुरावा आहे. अजूनही न्यायमंदिरावरून जाताना हेल्मेटवाल्यांकडे बघत चालतात.

आणि लिहायचं खरं कारण हे, की गेल्या महिन्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मुलाने घर शोधताना आम्हाला फोटो दाखवला. तोच ओटा, तीच पिवळी केटली, भाडं 1800 झालंय. मुलगा इंदोरचा, मराठी. समोरचा त्याला म्हणाला होता, मी पण इंदोरचाच, राजवाड्यामागे आमचं घर. आम्ही त्याला म्हटलं, तू काही बोलू नकोस, फक्त विचार राजवाड्यामागे म्हणजे नक्की कुठे. त्याने स्पीकरवर ठेवून विचारलं. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग फोन कट.