हिमोग्लोबिन वाढत होते आणि आईचे पाय बधिर होत होते

आईच्या रक्तक्षयावरील ‘खात्रीचा उपचार’ म्हणून आम्हांला जे विकले गेले, त्याची हकिकत मी लिहीत आहे, कारण त्यातला प्रत्येक टप्पा वरवर बरोबर दिसत होता आणि म्हणूनच आम्ही चार महिने कसलीही शंका न घेता फसत राहिलो.

आई ६१ वर्षांची असून मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत होती. तिला जिना चढताना धाप लागू लागली, जीभ लाल आणि गुळगुळीत होऊन चुरचुरू लागली आणि तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. ओळखीतून समजलेल्या एका ‘रक्तविकार सल्लागारा’ने तिला रक्ततपासणीसाठी पाठवले आणि दोन दिवसांनी स्वतःच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी आमच्या हाती ठेवली : हिमोग्लोबिन ८.४. स्त्रियांमध्ये हा आकडा १२ च्या खाली गेला की रक्तक्षय मानतात, तेव्हा एवढे तरी खरेच होते. ‘लोह कमी आहे’ असे ठामपणे सांगून त्याने सहा महिन्यांच्या औषधाचे पैसे आगाऊ घेतले. बाटल्यांवर ‘रक्तवर्धक’ याखेरीज काहीही छापलेले नव्हते.

औषध सुरू होताच आईला काळी शौच होऊ लागली. ‘शरीरातली घाण बाहेर पडते आहे,’ असे उत्तर मिळाले. लोहाच्या औषधाने असे होते. पण पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव असला तरीही शौच काळी होते आणि त्या वयात ती शक्यता आधी तपासायला हवी, हे मला फार उशिरा कळले. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.६ झाले आणि आम्ही त्याचे आभार मानले. मुंग्या मात्र गुडघ्यांपर्यंत चढल्या होत्या आणि अंधारात आईचा तोल जात होता. त्याचेही उत्तर तयार होते : ‘नसांमध्ये रक्त पोहोचू लागले आहे.’

आई पडली तेव्हा आम्ही एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी पहिल्या तपासणीचा संपूर्ण अहवाल मागितला. तो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. मी प्रयोगशाळेत जाऊन प्रत काढली, तेव्हा रक्तपेशींची पूर्ण मोजणी त्याच दिवशी झाली होती आणि अहवाल त्या सल्लागाराकडे पोहोचलाही होता, हे उघड झाले. त्यात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, ११२ होते. सर्वसाधारणपणे ते ८० ते १०० असते. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड ही जीवनसत्त्वे कमी पडली की मोठ्या होतात. त्याच्या निदानाला खोटे ठरवणारा आकडा त्याच कागदावर होता आणि त्याने आमच्यासाठी नेमका तेवढाच उतरवला नव्हता.

पुढच्या तपासणीत बी-१२ अवघे ९८ निघाले (२०० च्या खाली ते कमी समजतात) आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन पुरेसे होते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते, हे वैद्यकाला माहीत असलेले कारण आहे. घरी येऊन बाटलीवरचे लेबल भिजवून काढले, तर खाली दुसरे लेबल होते : लोह आणि फॉलिक ॲसिड. माझ्या मते सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. बी-१२ ची कमतरता असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले, तर हिमोग्लोबिन वाढू शकते आणि मज्जातंतूंची हानी मात्र तशीच पुढे चालू राहते. ज्या आकड्यावर आम्ही विसंबलो होतो, त्याच आकड्याआड आजार वाढत होता.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, कोणी केवळ हिमोग्लोबिन सांगून औषध देऊ लागले, तर संपूर्ण अहवाल मागा, एमसीव्ही पाहा आणि रक्त कमी होण्याचे कारण काय, हे विचारा. लहान पेशी दिसल्या तरी लगेच लोह सुरू करू नये. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांतही पेशी लहानच असतात आणि फेरिटिन कमी नसेल तर त्यांना लोहाचा उपयोग होत नाही.

बी-१२ च्या इंजेक्शनांनी आईचे रक्त दोन महिन्यांत सुधारले. पायांचा बधिरपणा वर्षानंतरही पूर्ण गेलेला नाही आणि ती काठी घेऊन चालते. उरलेल्या औषधाचे पैसे परत मागायला मी गेलो, तेव्हा त्या माणसाने १०.६ लिहिलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि गुण आल्याचा हा पुरावाच आहे, असे सांगून मला परत पाठवले.