जपाचं काउंटर, रागासाठी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

परवा बोटातल्या काउंटरचा डिस्प्ले अचानक कोरा झाला. १,२८६ वर होता, सगळं गेलं. म्हणून आज लिहायला बसलो.

वस्तू सगळ्यांच्या माहितीची आहे. नामजपासाठी बोटात अडकवायचं डिजिटल काउंटर. आईसाठी मागवलं तेव्हा १२० रुपयांत दोन आली, त्यातलं एक मी ठेवून घेतलं. मी त्यावर जप करत नाही. घरात माझा आवाज चढला की एकदा दाबायचं, एवढाच नियम.

याआधी ध्यानाच्या एका अ‍ॅपवर वर्षाचे १,४९९ रुपये घातले होते. जेमतेम तीन आठवडे वापरलं, आणि वर्ष सरल्यावर न विचारता तेवढेच पैसे पुन्हा खात्यातून गेले. सात ईमेल केले, सातही वेळा तेच छापील उत्तर आलं. ते पैसे मला अजून टोचतात.

२०१७ मध्ये इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिरही केलं होतं. तिथे फी नसते, शेवटी ज्याला जमेल तेवढं दान. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगभर उमटणाऱ्या संवेदना. तिथे एक गोष्ट पक्की कळली की राग आधी अंगात येतो, मग तोंडात. माझे कान तापतात, जबडा आवळला जातो. पण घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तासभर बसणं दोन महिन्यांत सुटलं. शिवाय डोळे मिटून दिसणारं ते कुकरच्या शिट्ट्या आणि ऑफिसचे फोन चालू असताना काही केल्या दिसेना. ते ६० रुपयांच्या या वस्तूमुळे दिसू लागलं.

कल्पना माझी नाही. गोल्फचे फटके मोजायचं मनगटी काउंटर वागणूक मोजायला वापरता येतं, हे ऑग्डन लिंड्सली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. आपलं वागणं आपणच मोजू लागलो की पुष्कळदा ते मोजण्यानेच बदलायला लागतं.

पहिल्या आठवड्यात रोजचा आकडा नऊ ते चौदा. तोही ओरडून झाल्यावर, पाणी पिताना आठवलं की दाबायचो. महिन्याभरात अंगठा वाक्याच्या मध्येच बटणावर जाऊ लागला. आकडा चारवर आला.

आता दोष, आणि हा मी सोडणार नाही. रीसेटचं बटण! मोजायच्या बटणाला खेटून, वर उठलेलं, जरा धक्का लागला की शून्य. चाळिसाव्या दिवशी खिशातल्या किल्ल्यांनी दाबलं आणि सगळी मोजणी पुसली गेली. केलेलं वाया गेलं असं वाटून दोन दिवस मी ते बोटात घातलंच नाही. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. ९६ जणांवरच्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. धीर आला. तरी ते बटण थोडं खोलगट करायला काय हरकत होती? रोजचा आकडा तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहितो.

तिसऱ्या महिन्यात आकडा पुन्हा दहावर गेला. हा उपाय संपला, असं माझं मत झालं होतं. ते चुकीचं निघालं. मी ओरडत नव्हतो. नुसते कान तापले तरी अंगठा दाबत होता, आधी जे लक्षातच येत नव्हतं तेही मोजलं जात होतं.

हे कळलं ते लेकीचा अभ्यास घेताना. ८३२ भागिले ८. तिने उत्तर लिहिलं १४, मधलं शून्य खाल्लेलं, त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा. जबडा आवळला. अंगठा दबला, टिक. तिने पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं, खांदे वर ओढलेले, ओरडा येणारच अशा तयारीत. ते खांदे मी तोवर कधी बघितलेच नव्हते. म्हटलं, "तिनात आठ किती वेळा जातात गं?" ती म्हणाली, "जातच नाहीत." आणि शून्य लिहिलं. खांदे हळूहळू खाली आले.

परवा बंद पडल्यावर विक्रेत्याने मुदत संपली म्हणून हात वर केले. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने ३० रुपयांत सेल बदलून दिले. मधले दोन दिवस बोट मोकळं होतं, तरी अंगठा तिथे जात होता. आईने दोनदा विचारलं, "बोट दुखतंय का रे?"

घेणार असाल तर रीसेट बटण आत बसलेलं असेल तेच घ्या. माझ्यासारखं आलं तर त्यावर चिकटपट्टी लावा, पंधरा दिवस टिकते.